दारावरची नोटीस कुणी काढली?

१

गृहकर्ज कंपनीचा माणूस गुरुवारी सकाळी शिवम गावंडेच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "सोमवारी कब्जा घ्यायला येतो आहोत. सामान हलवून ठेवा." घर जाणार म्हटल्यावर माणसाच्या पायाखालची जमीन सरकायला हवी. शिवमच्या मनात आलं ते एवढंच, की हातातला चहा गार होतोय.

त्याला दोष देऊ नका. वर्षभरात त्याचं असंच झालं होतं. अकोल्याच्या एमआयडीसीतल्या एका दालमिलमध्ये तो सुपरवायझर. पगार कधी सातला, कधी वीसला. घराचा हप्ता मात्र पाच तारखेला म्हणजे पाचलाच. मधले दिवस निभावायला त्याने मोबाईलवरच्या एका झटपट ॲपकडून पगार होईपर्यंतचे पैसे उचलले. ते फेडायला दुसऱ्या ॲपकडून, दुसऱ्याचे फेडायला तिसऱ्याकडून. एक खड्डा बुजवायला शेजारी दुसरा खणायचा, असा धंदा. शेवटी पगार आला की ॲपवालेच तो कापून न्यायचे, आणि ज्या हप्त्यासाठी हे सगळं सुरू झालं तोच थकत गेला. फोन दिवसभर थरथरायचा. शिव्या, धमक्या, पुन्हा शिव्या. आधी छातीत धडधडायचं. मग एक दिवस धडधडणंही थांबलं. तेव्हापासून तो अनोळखी नंबर उचलतच नसे, मग तो ॲपवाल्यांचा असो की गृहकर्ज कंपनीचा.

"कब्जा? असा कसा कब्जा?" त्याची बायको आचल पदराला हात पुसत बाहेर आली. "आमाले नोटीस नाई, काई नाई."

"नोटिशीला साठ दिवस होऊन गेले, मॅडम. पोस्टाने दोनदा पाठवली, कुणी दार उघडलं नाही म्हणून दोनदा परत आली. मग राखीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही घरावरच चिकटवली." त्याने मोबाईलवरचा फोटो दाखवला. पिस्ता रंगाची भिंत, तिच्यावर कागद, कागदावर शिवमचं नाव. कागदाने जवळजवळ सगळा फोटो व्यापला होता, कडेला बोटभर भिंत तेवढी दिसत होती.

शिवमची आई सुभद्राबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. माणूस गेल्यावर त्या मुकाट्याने आत जाऊन गहू निवडायला बसल्या.

दसऱ्याला आचलला ॲपच्या कर्जांचा पत्ता लागला होता. तेव्हा तिने आकांडतांडव केलं नव्हतं. नवऱ्याला समोर बसवून एकच विचारलं होतं, "अजून काई लपवलं असंन तं आताच सांगा." तो म्हणाला होता, काही नाही. त्या भरवशावर तिने तेल्हाऱ्याला वडिलांना, खुशालरावांना, फोन केला. निवृत्त मास्तर ते. पैसे हाताशी आले की थकलेले सगळे हप्ते भरायला तयार झाले, पण फोन ठेवता ठेवता त्यांनीही तेच विचारलं होतं: "पोरी, जावयानं अजून काही लपवून तं नाई ना ठेवलं?"

"नोटीस तुमी काढली का?" आचलने आता विचारलं. आवाज अगदी साधा होता. "खरं सांगा. काढली असंन तं मी पोरीले घेऊन उद्याच तेल्हाऱ्याले चालली. बाबाले मी खोटं नाई सांगू शकत."

"नाई," शिवम म्हणाला. मग खाली बघत, "मले आठवत नाई."

आणि हेच वाईट होतं. त्याला खरोखरच आठवत नव्हतं.

२

समोरच्या घरात गयासुद्दीनचाचा राहायचे. अकोल्याच्या कोर्टात बेलिफ होते, म्हणजे लोकांच्या दारावर कोर्टाचे कागद चिकटवण्यातच त्यांचा जन्म गेला. लोकांनी त्यांच्यावर कुत्री सोडली होती, गरम पाणी फेकलं होतं, आणि एका बाईने तर जेवायलाही वाढलं होतं. अशा माणसाला कागदाचा तपास सांगायचा नाही तर कुणाला? आचल त्यांना बोलवून घेऊन आली.

चाचांनी आधी चपला काढल्या, मग चष्मा पुसला, आणि मग पाव तास नुसती भिंत पाहिली. शिवम मागे उभा होता. त्याला वाटत होतं, हे दुसऱ्याच कुणाच्या घरी चाललं आहे.

पाहण्यासारखं होतं तरी काय? चारचौघांच्या दारावर असतं तेच. उंबऱ्यावर लक्ष्मीची पावलं. चौकटीच्या वर जिवतीचा कागद; आषाढी अमावास्येला नत्थुजी सुतार येऊन लावून जातो तो, उन्हाने फिकट झालेला. चौकटीला वाळलेलं दसऱ्याचं तोरण. बेलच्या बटणाशेजारी आणखी एक जिवती, मांडीवर आणि भोवती लेकरं घेतलेली, तिला ताजं हळद-कुंकू. खाली पोरीने खडूने काढलेलं मांजर.

चाचांनी कोपऱ्यात एका जागी नखाने भिंत खरवडली. पिस्ता रंगाचा पापुद्रा लगेच नखात आला.

"डिस्टेंपर हाय," ते म्हणाले.

"हो चाचा. बिल्डरनं सगळ्या ले-आउटले हाच मारला."

"कंपनीवाले कशानं चिकटवते?"

"मले काय मालूम?"

"मले मालूम हाय. फेविकॉलनं." त्यांनी नख झटकलं. "शिवम, त्या दिवशी घरी कोन कोन होतं?"

आचलनेच सांगितलं. राखीला ती, शिवम आणि पोरगी तेल्हाऱ्याला गेली होती. शिवम दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या गाडीने एकटा परत आला, कारण ड्युटी होती. घरी सासूबाई होत्या, आणि अमरावतीहून दीर आला होता, स्वप्निल.

"पोस्टमनले दार कोनं नाई उघडलं?"

आचलने आत पाहिलं. दिवसा घरी फक्त सासूबाई असायच्या.

"वहिनी," चाचांनी आत हाक मारली, "पोस्टमन आला होता का वो?"

"अनोळखी मानसाले मी दार उघडतच नाई, गयासभाऊ," सुभद्राबाई गव्हातून मान वर न करता म्हणाल्या. "दिवस वाईट हायेत."

चाचांनी मान हलवली. "भिंत झाली पाहून. आता मानसं पाहू." मग शिवमच्या कानाशी येऊन म्हणाले, "तुले एक सांगू? या भिंतीवर जे दिसाले पाह्यजे, थे दिसून नाई राह्यलं."

३

शेजारचे शेषराव प्लॉटची दलाली करायचे. शिवमचं घर विकायला निघालं तर सांगा, असं त्यांनी एकदा नव्हे दोनदा सुचवलं होतं, तेही तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरून. ॲपचं प्रकरण बाहेर फुटल्यापासून त्यांचा जिव्हाळा फारच वाढला होता.

"कागद लावला, हे खरं हाय," चाचा आणि शिवम गेटाशी आले तेव्हा शेषराव म्हणाले. "दोन मानसं आले होते दुपारी. माह्या गेटातून त्यायच्या पाठीच दिसल्या. भिंतीवर काई चिकटवलं, फोटो काढला अन् गेले."

"म्हंजे दुसऱ्याच घरावर लावला असं नाई."

"नाई नाई. याच घरावर. पन दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम पाह्यलं, तं कागद नोता."

"मुद्दाम काहून पाह्यलं?"

शेषराव हसले. "चाचा, मी दलाल मानूस. नोटीस लागली की भाव उतरते. मी कायले फाडू? माह्यासाठी तं थे सोन्याची पाटी होती."

हे मात्र पटण्यासारखं होतं. माणूस लबाड असला तरी त्याची लबाडी सरळ रेषेत चालते.

"मंग कोनं काढला?"

शेषरावांनी खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात घेतला आणि शिवमकडे पाहिलं. "तुया भाऊ होता ना घरी? संध्याकाळी मी पाह्यलं. हातात बादली अन् ब्रश घेऊन दारासमोर पानी मारत होता."

४

राजकमल चौकाच्या आतल्या गल्लीत स्वप्निलचं मोबाईल दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. शुक्रवारी चाचा आणि शिवम एसटीने अमरावतीला गेले. वाटेत बडनेऱ्याला चाचांनी भजी घेतली. शिवमने खाल्ली. चव विचारली असती तर त्याला सांगता आली नसती.

स्वप्निल भडकलाच. "गाडी धुतली मी! चिखलानं भरली होती माही गाडी. आता भावाच्या घराची नोटीस मी काढू? कायले?"

"हिस्सा मागत होता तू," शिवम म्हणाला.

"मागत होतो. घर राह्यलं तं मागीन ना, दादा! घरच गेलं तं हिस्सा कायचा?"

चाचांनी हात वर केला. "तू दुपारी कुठं होता?"

"जेवून दोस्ताकडे गेलो होतो. आलो तं आई दारात. भिंतीले पाठ टेकून. तिथूनच मले म्हने, आत येऊ नको, आधी बाजारात जाय, पूजेचं सामान आन. पैसे कमरेच्या पिशवीतून काढून दिले, जागची हालली नाई. मी आलो तवाही तिथंच उभी. म्हटलं आई, गुडघे दुखते ना तुये, बसत काहून नाई?"

"कोनती पूजा होती?"

"श्रावन होता ना चाचा. श्रावनात काय, रोजच पूजा." तो स्क्रू ड्रायव्हर फिरवत राहिला. "मी म्हटलं तुया फोन दे, दुकानात नेतो, लय गरम होते म्हनत होती. तं म्हने हरवला."

शिवमला आठवलं, आईकडे फोन नाही याला बरेच दिवस झाले. कुणी चौकशीच केली नव्हती.

"पन चाचा," स्वप्निलने आवाज खाली आणला, "मले विचारता तसं दादालेही विचारा. त्या संध्याकाळी तो तेल्हाऱ्याहून आला. मी गच्चीवरून पाह्यलं. दारासमोर उभा होता. बेल नाई वाजवली. भिंतीकडे तोंड करून उभाच. मी चहा ठेवून आलो, तरी हा उभाच."

परतीच्या गाडीत बोरगाव मंजू मागे पडेपर्यंत शिवमच्या खिशात फोन थरथरत होता. मग त्याने सरळ समोर पाहत सांगितलं, "चाचा, मीच फाडली असंन. मले खरंच आठवत नाई. पन दुसरं कोन असंन? आचलले सांगून टाकू. तिले जाऊ द्या तेल्हाऱ्याले."

५

अकोल्याच्या स्टँडवर उतरल्यावर चाचांनी शिवमचा दंड धरला.

"फाडली म्हनतो. कुठून फाडली? जागा दाखव."

"म्हंजे?"

"डिस्टेंपरवर फेविकॉलनं लावलेला कागद मी जिंदगीभर काढताना पाह्यला, बेटा. कागद एकटा निघत नाई. भिंतीची सालटी घेऊन निघते. ब्रशानं घासला तं रंग जाते, खाली पांढरं दिसते. तुया भिंतीले ओरखडा नाई, डाग नाई, नवा रंग नाई. कालच तुले सांगतलं ना, जे दिसाले पाह्यजे थे दिसत नाई."

"मंग कंपनीवाला खोटं बोलते."

"शेषरावनं लावताना पाह्यलं. त्याले खोटं बोलून काय भेटते?" चाचा चालू लागले. "लावली हे खरं. निघाली नाई हेही खरं. आता तूच विचार कर."

शिवमने प्रयत्न केला. डोकं चालेना. त्याला नुसतं झोपावंसं वाटलं.

त्या संध्याकाळी चाचांना आणखी एक तपास करायचा होता, आणि तो सगळ्यात अवघड होता, कारण साक्षीदार त्यांची स्वतःची बायको होती; फोन हरवला म्हणून दार लावून बसलेली बाई तो देईल तर समोरच्या मैत्रिणीलाच. रजियाबी भाकरी थापत होती. चाचांनी शिवमला ओट्यावर बसवलं आणि आत जाऊन विचारलं, "सुभद्राभाभी का फोन तुम्हारे पास है क्या?"

भाकरी थापणं थांबलं.

"अमानत है," रजियाबी म्हणाली. "कसम दी है उन्होंने. मैं कुछ नहीं बोलूंगी."

"मत बोलो. मैं बोलता हूं. उसपे गंदी चीजें आती थीं."

रजियाबीने पिठाच्या डब्याच्या मागून एक फोन काढला, ओढणीत गुंडाळलेला. बाहेर येऊन तो तिने शिवमच्या पुढ्यात ठेवला, आणि इतक्या दिवसांचं मनात साठलेलं तिला आवरेना.

"तुया फोटो होता रे यात. खाली चोर लिहून. तुया आईले पाठवत होते थे लोक रोज. शेवटी म्हने, आता हाच फोटो मोठा करून तुमच्या दारावर लावतो. राखीच्या आधीची गोष्ट हाय. तवापासून थ्या बाईनं कोनाले दार नाई उघडलं."

चाचांनी चष्मा काढून डोळे चोळले. "शिवम," ते म्हणाले, "तुमच्या घरी जिवत्या किती लावते?"

"एकच, चाचा. नत्थुजी लावते ना चौकटीवर."

"मंग दारावर दोन काहून हायेत?"

६

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो असा. त्या दारातून रोज सगळे जात-येत होते. आचल तेल्हाऱ्याहून परतली तेव्हा तिने नवी जिवती पाहिलीही होती. सासूबाई म्हणाल्या, श्रावणातले शुक्रवार आहेत, लावली एक खाली हाताशी, हळद-कुंकवाला बरी. देवीच्या कागदाला कोण हरकत घेतं? आणि लावलेली जिवती वर्षभर कुणी काढत नाही, ती काढायची पुढच्या आषाढात नवी लावताना. लेकरांची राखण करणारी ती. तिच्या मागे काय आहे हे बघायला या मुलखात कुणाचं बोट धजावणार नाही.

शनिवारी सकाळी सगळे दारात जमले. आचलची बॅग भरून ओसरीत ठेवलेली होती. चाचा भिंतीपासून दोन हात लांब उभे राहिले.

"मी हात नाई लावनार," ते म्हणाले. "हे तुमच्या घरचं हाय. वहिनी, तुमीच सांगा."

सुभद्राबाईंनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. शिवमच्या हातात ओढणीत गुंडाळलेला फोन होता. तो दिसल्यावर त्या आत गेल्या, तांब्यात पाणी आणि एक फडकं घेऊन आल्या, आणि बेलजवळची जिवती भिजवायला लागल्या. आधी हळद-कुंकू ओघळलं. मग कागद सैल झाला. देवीच्या पायाकडचा कोपरा जरा फाटला तेव्हा त्यांनी जीभ चावली. हळूहळू त्यांनी तो सोडवला आणि दोन्ही हातांवर आडवा धरला.

खाली नोटीस होती. जशीच्या तशी. वर शिवमचं नाव, पत्ता, आणि साठ दिवसांची मुदत.

"हे कंपनीचं हाय?" सुभद्राबाईंनी विचारलं.

चाचांनी मान डोलावली.

"मले वाटलं थे फोनवाले आले. मी खिडकीतून पाह्यलं, दोन पोट्टे भिंतीले काई चिकटवून राह्यले. बाहेर आली तं तुयं नाव. मोठ्या अक्षरात. पुढचं मी वाचलंच नाई रे. नखानं ओढून पाह्यलं, निघेना. मंग उभी राह्यली पाठ लावून, रस्त्यावरच्या कोनाले दिसू नाई म्हनून. स्वप्निलले पाठवलं जिवतीचा कागद आनाले. फेविकॉल पोरीच्या दप्तरात होतं." त्यांनी हातातल्या चित्राकडे पाहिलं. "परवा कंपनीचा मानूस बोलला तवाही वाटलं, त्याची नोटीस येगळी असंन. तुमाले कोनाले सांगतलं नाई. म्हटलं त्याले कायले कळू द्याचं, आधीच त्याचं तोंड पाहवत नाई. लेकराच्या नावावर लोक चोर लिहून राह्यले तं मी अजून काय लावनार होती त्याच्यावर?"

लेकरू चाळिशीला आलं होतं. ते भिंतीकडे बघत उभं होतं.

आता शिवमला ती संध्याकाळ आठवली. तेल्हाऱ्याची गाडी उतरून तो याच जागी उभा राहिला होता. खिशात फोन थरथरत होता आणि बेल दाबायला हात उचलत नव्हता. बटणाच्या शेजारी, नाकासमोर, जिवती होती. तिची कड ओली असणार, फेविकॉल पांढरं दिसत असणार. आईने तासन्‌तास पाठीने झाकलेली जागा होती ती, आणि त्याने ती पाहिलीच नव्हती. वर्षभर त्याने काही म्हणजे काही पाहिलं नव्हतं.

त्याला रडू आलं. आवाज करून आलं, शेषराव गेटाबाहेर डोकावतील इतकं. त्याचं त्यालाच नवल वाटलं.

आचल ओसरीत गेली आणि तिने तेल्हाऱ्याला फोन लावला. "बाबा," ती म्हणाली, "यायनं काई लपवलं नाई." मग तिने बाकीचं सांगितलं. पलीकडून खुशालराव काय म्हणाले ते कुणाला ऐकू आलं नाही. तिने दोनदा हो म्हटलं आणि फोन ठेवला.

"सोमवारच्या आत कंपनीत जा लागंन," ती चाचांना म्हणाली. "बाबा निघून राह्यले. घेतीन का थे पैसे?"

"लिलावाच्या आधी भरले तं बरेचदा घेते. घासाघीस करते, व्याज लावते, पन घेते. वकील संगं नेऊ." चाचांनी चपला शोधल्या. "ॲपवाल्यायचं तसं नाई. त्यायच्यासाठी पोलिसांत जा लागंन. थो फोन फेकू नका. त्यात पुरावा हाय."

सुभद्राबाई अजून तशाच उभ्या होत्या, ओली जिवती हातांवर घेऊन. भिंतीवर नोटीस, नोटिशीच्या कडेने उखडलेला डिस्टेंपर. जिवतीला कुठे ठेवायचं हे त्यांना कळत नव्हतं. काढायची वेळ झाली नव्हती.

आचलने त्यांच्या हातातून कागद घेतला. "नोटिशीचा फोटो चाचा काढून घेतीन, मंग तिले सोडवू," ती म्हणाली. "पन जिवती आषाढापर्यंत दारावरून काढत नाईत, आई." मग ती नवऱ्याकडे वळली. "पोरीच्या दप्तरातून फेविकॉल आना."

"आषाढापर्यंत घर राहीन का पन?" सुभद्राबाईंनी विचारलं.

शिवम आत जाऊन फेविकॉल घेऊन आला, आणि आचल नोटिशीच्या शेजारी जिवतीचा कागद लावत होती तोवर त्याने फाटलेला कोपरा बोटाने दाबून धरला.